इटालियन पास्त्याचे आकार कसे ओळखावेत?

रानजाई

इटालियन पास्त्याच्या आकारांविषयी या धाग्यावर सविस्तर आणि नेमके बोलावे, अशी इच्छा आहे. आपल्याकडच्या दुकानांत पूर्वी कोपरासारखी वाकडी मॅकरोनी आणि फार तर स्पगेटी दिसे. आता मोठ्या शहरांत पेने, फुसिली, फार्फाले, लिंग्विने, रिगातोनी अशी पाकिटे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि परदेशात राहणाऱ्यांसमोर तर फळ्यांच्या फळ्या भरलेल्या असतात. नावे पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, कारण एकाच आकाराला इटलीत प्रांतागणिक वेगळे नाव आहे आणि एकच नाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तूंना लावले जाते. इटलीत ‘व्हर्मिचेल्ली’ मागितली तर स्पगेटीपेक्षा जाड दोरे मिळतात, अमेरिकेत तिच्यापेक्षा बारीक मिळतात आणि भारतात त्याच नावाच्या पाकिटात शेवया असतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पास्ता नावावरून नव्हे, तर घडणीवरून ओळखावा. तो लाटून कापलेला आहे, साच्याच्या छिद्रांतून दाबून काढलेला आहे, बोटाने किंवा सुरीने वळवलेला आहे की सारण भरून मिटलेला आहे, हे आधी पाहावे. ज्या रीतीने तो घडला, तिची खूण त्याच्या अंगावर राहिलेली असतेच आणि ती खूण वाचता आली की नाव आपोआप जवळ येते.

सुरुवात लांब पास्त्यापासून करतो. पाकिटातली एक काडी मोडून तिचा आडवा छेद प्रकाशात धरून पाहावा. छेद भरीव आणि गोल असेल तर ती स्पगेटीच्या घराण्यातली: सर्वांत बारीक कापेल्लीनी, मग स्पगेत्तीनी, मग सुमारे २ मिलिमीटर जाडीची स्पगेटी आणि तिच्या पुढे व्हर्मिचेल्ली. छेद गोल, पण मध्ये आरपार भोक असेल तर ते बुकातिनी. रोमच्या खानावळींत आमात्रिचाना या टोमॅटो आणि डुकराच्या मांसाच्या सॉसबरोबर तेच वाढले जातात. छेद चपटा, पण फुगीर कडांचा, म्हणजे लंबगोल असेल तर ते लिग्युरिया प्रांतातले लिंग्विने. त्यांचे अगदी जवळचे भावंड म्हणजे त्रेनेत्ते. जेनोव्हात त्रेनेत्ते पेस्तो (बेसिलच्या पानांची चटणी), बटाटा आणि हिरव्या फरसबीबरोबर खातात. छेद चौकोनी असेल तर आपण मध्य इटलीत आलो, असे समजावे. आब्रुत्सो प्रांतात लाकडी चौकटीवर ताणलेल्या तारांवर लाटलेली पोळी ठेवून लाटण्याने दाबतात आणि खाली चौकोनी दोरे पडतात. त्या चौकटीला तिथे गिटारच म्हणतात, म्हणून हा पास्ता ‘आल्ला कितार्रा’. जवळजवळ याच दोऱ्यांना रोममध्ये तोन्नारेल्ली म्हणतात आणि काचो ए पेपे, म्हणजे पेकोरिनो चीज व मिरीपूड घालून करायच्या पदार्थासाठी त्यांनाच पसंती असते.

चपट्या पट्ट्यांविषयी इथे लिहीत नाही, कारण आपल्या सदस्यांपैकी कुणीतरी उत्तर इटलीतल्या एमिलियात राहते, असे मला आठवते. त्यांनीच लिहावे.

मुळामुठा

उत्तम विषय. छेदाची युक्ती लांब पास्त्याला लागू पडते, हे पटले. पण माझी अडचण आखूड नळ्यांची आहे. पेने, रिगातोनी, झिती, तोर्तिल्योनी, सेदानी या सगळ्यांचा छेद गोल आणि पोकळच असतो. मग तिथे काय पाहावे? पाकिटावरची चित्रे पाहून मला तरी फरक कळत नाही.

पाटावरवंटा

मुळामुठा, नळ्यांमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: टोकाचा काप, अंगावरच्या रेघा आणि नळीचा व्यास लांबीच्या मानाने किती आहे ते.

काप तिरका असेल, बोरूच्या टोकासारखा, तर ते पेने. या घराण्याला नावही लेखणीवरूनच मिळाले आहे. लहान असतील तर पेन्नेत्ते, मोठे असतील तर पेन्नोनी. नळी न चेपता, टोक न चिरडता तिरकी कापणे हाताने जिकिरीचे काम होते. तसा काप देणाऱ्या यंत्राचे पेटंट १८६५ मध्ये जेनोव्हाजवळच्या सान मार्तीनो दाल्बारो येथील जोव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रो यांनी घेतले. म्हणजे आज सर्वांत परिचित असलेला हा आकार मुळातच यंत्रयुगातला आहे.

काप सरळ असेल तर रेघा पाहाव्यात. नळीवर उभ्या, सरळ रेघा आणि व्यास ऐसपैस असेल तर रिगातोनी. त्याच नळीवरच्या रेघा मळसूत्रासारख्या तिरक्या फिरत गेल्या असतील तर तोर्तिल्योनी. रिगातोनी निम्म्याने आखूड केली तर ती मेझ्झे मानिके होते. नळी अरुंद, किंचित वाकलेली आणि बारीक रेघांची असेल तर सेदानी. रेघा मुळीच नसतील आणि नळी लांब असेल तर झिती. नेपल्समध्ये झिती अखंड लांबीची घेतात आणि शिजवण्यापूर्वी हाताने तोडतात. तोडताना उडालेले बारीक तुकडेही भांड्यातच पडतात आणि सॉसला दाटपणा आणतात. पुष्कळ कांदा आणि मांस तासन्तास शिजवून केलेल्या तिथल्या ‘जेनोव्हेसे’ सॉसबरोबर हीच झिती लागते. रेघा नाहीत, पण नळी इतकी रुंद आहे की शिजल्यावर ती स्वतःच्या वजनाने चपटी बसते, तर ते पाक्केरी. तेही कांपानिया प्रांतातलेच.

पाकिटावर ‘रिगाते’ लिहिले असेल तर रेघांचे आणि ‘लिशे’ लिहिले असेल तर गुळगुळीत, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो. इटलीतल्या बहुसंख्य ग्राहकांचा कल रेघांकडे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या भीतीने दुकाने रिकामी झाली, तेव्हा फळ्यांवर पेने लिशे तेवढे उरल्याची छायाचित्रे तिथल्या वृत्तपत्रांत झळकली होती. दक्षिणेतले अनेक जाणकार मात्र गुळगुळीत पेनेची बाजू हिरिरीने घेतात आणि मला त्यांचे म्हणणे पटते. रेघांच्या नळीत उंचवटे आणि खाचा यांची जाडी सारखी नसते, त्यामुळे खाच शिजते तेव्हा उंचवटा थोडा मागे राहतो. गुळगुळीत नळी चांगल्या रव्याची आणि खरखरीत पृष्ठाची असेल तर ती एकसारखी शिजते आणि सॉसही धरते.

दवबिंदू

माहिती रोचक आहे, पण एक मूलभूत शंका विचारते. या सगळ्यांची कणीक तर एकच असते. रवा आणि पाणी. मग नळी तिरकी कापली काय नि सरळ कापली काय, चवीत फरक पडण्याचे कारण काय? घरी जे पाकीट असेल ते वापरावे, असे मला वाटते. आकारांचा हा पसारा विक्रीसाठी वाढवलेला तर नाही ना?

रानजाई

दवबिंदू, शंका रास्त आहे. तिचे उत्तर दोन भागांत देतो.

पहिला भाग कणकेचा. कणीक एकच असते, हे सुक्या पास्त्यापुरते खरे आहे. इटलीत १९६७ च्या ५८० क्रमांकाच्या कायद्यापासून सुका पास्ता दुरम गव्हाच्या रव्याचाच असावा असे बंधन आहे आणि त्यातील ओलावा १२.५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. दुरम म्हणजे कठीण, काचेसारख्या दाण्याचा गहू. आपल्याकडचा बन्सी हाही त्याच जातीचा. ‘अंड्याचा पास्ता’ असे पाकिटावर लिहायचे असेल, तर एक किलो रव्याला किमान चार अंडी, म्हणजे कवचाविना किमान २०० ग्रॅम, घालावी लागतात. उत्तर इटलीत घरी केला जाणारा ताजा पास्ता तर मऊ गव्हाच्या बारीक पिठात अंडी घालूनच मळतात. ही कणीक लवचिक असते आणि पातळ लाटता येते, म्हणून तिच्यापासून पट्ट्या आणि सारणाचे प्रकार होतात. रवा-पाण्याची कणीक ताठ असते, म्हणून ती दाबून, वळवून, ओढून आकार घेते. आकाराची पहिली फाळणी इथेच होते. नंतरची कारागिरी कणकेच्या स्वभावाला धरूनच चालते.

दुसरा भाग तोंडातल्या अनुभवाचा. आकार बदलला की भिंतीची जाडी बदलते, शिजण्याचा वेळ बदलतो आणि प्रत्येक घासात सॉसचे प्रमाण बदलते. फार्फालेचे, म्हणजे फुलपाखरांचे, उदाहरण घ्या. पंख पातळ असतात आणि मधली चिमटी दुमडलेली, जाड असते. पंख मऊ झाले तरी चिमटीत दाताला किंचित विरोध राहतो आणि एकाच घासात दोन पोत मिळतात. पाक्केरीत मासळीचे तुकडे आत शिरून बसतात. कापेल्लीनीवर तोच रस्सा घातला तर तुकडे ताटात खाली उरतात आणि दोऱ्यांचा गोळा होतो. त्यामुळे हा सारा पसारा केवळ विक्रीचा आहे, हे मला मान्य नाही. विक्रीसाठी घडवलेले आकार आहेतच: १९८३ मध्ये व्होइएल्लो कंपनीसाठी मोटारींचे प्रसिद्ध रचनाकार जोर्जेत्तो जुजारो यांनी ‘मारिल्ले’ नावाचा आकार रेखला होता. दिसायला तो देखणा होता, पण सगळीकडे सारखा शिजत नसे, आणि तो बाजारात टिकला नाही. जे आकार टिकले ते रोजच्या स्वयंपाकात कामाला आले म्हणून टिकले.

पृष्ठभागही पाहावा. साच्याच्या छिद्रांना ब्राँझचे तोंड असेल तर पास्ता बाहेर पडताना घासला जातो आणि त्याचे अंग फिकट, पिठूळ, खरखरीत दिसते. टेफ्लॉनचे तोंड असेल तर तो पिवळाधमक आणि चकचकीत दिसतो. पहिल्याला सॉस बिलगतो, दुसऱ्यावरून ओघळतो. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावाच्या पास्त्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. त्याच्या नियमांत ब्राँझचे साचे आहेतच.

सांजवात

रानजाई यांनी ज्यांची आठवण काढली ती मीच असावी. एमिलियातल्या बोलोन्या शहरात राहते, म्हणून पट्ट्यांविषयी लिहिते.

अंड्याच्या कणकेची पोळी इथे लांब लाटण्याने लाकडी पाटावर लाटतात. ती थोडी सुकली की सैल गुंडाळी करतात आणि सुरीने कापतात. गुंडाळी एकच असते. सुरी किती अंतरावर पडते त्यावर नाव ठरते. दोन-तीन मिलिमीटरवर पडली तर ताल्योलिनी, दोन-तीन सेंटिमीटरवर पडली तर पाप्पार्देल्ले. पाप्पार्देल्ले मूळचे तोस्कानाचे आणि रानडुकराच्या किंवा सशाच्या मांसाच्या सॉसबरोबर खाण्याचे. या दोहोंच्या मधले ताल्यातेल्ले. त्यांच्या रुंदीबाबत बोलोन्याने शंकेला जागा ठेवलेली नाही. १६ एप्रिल १९७२ रोजी इथल्या व्यापार मंडळात ताल्यातेल्लेचे अधिकृत माप नोंदवले गेले: शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. या मापाची सोन्याची पट्टी तिथे जपून ठेवलेली आहे. पाहुण्यांना यात मौज वाटते. इथल्या लोकांना मात्र आपल्या मनोऱ्याचे आणि आपल्या पट्टीचे नाते मनापासून प्रिय आहे आणि मलाही ते सुंदर वाटते.

फेत्तुचिने आणि ताल्यातेल्ले यांतला फरक पुष्कळ जण विचारतात. रुंदीचा फरक नाममात्र आहे, खरा फरक प्रदेशाचा. फेत्तुचिने रोमचे, ताल्यातेल्ले एमिलियाचे.

पट्टीच्या दोन्ही कडा झालरीसारख्या असतील तर ते माफाल्दिने. इटलीच्या सव्होय राजघराण्यात १९०२ मध्ये जन्मलेल्या राजकन्या माफाल्दा यांच्यावरून हे नाव पडले. १९४४ मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत त्यांचा अंत झाला. पाकीट हाती घेताना मला त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक जोडी सांगते, कारण ती हमखास फसवते: पेने आणि गार्गानेल्ली. दोन्ही नळ्या रेघांच्या आणि दोन्हींची टोके तिरकी. पण गार्गानेल्ली एमिलियाशेजारच्या रोमान्यात अंड्याच्या कणकेचे करतात. पातळ चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा धरून, बारीक काडीभोवती गुंडाळून, दात्यांच्या पाटीवरून दाबत फिरवतात. रेघा त्या दात्यांच्या उठतात आणि त्या नळीला आडव्या असतात. हातात घेऊन फिरवले की एका बाजूला कोपऱ्यावर कोपरा चढलेला जोड दिसतो. पेने साच्यातून निघालेले असल्यामुळे त्यांना जोड नसतो. जोड दिसला की विषय संपला.

मुळामुठा

जोडाची खूण फार उपयोगी आहे. आता पिळाच्या प्रकारांविषयी कुणी सांगेल का? फुसिली, काव्हाताप्पी, जेमेल्ली, त्रोफिए यांत मी नेहमी अडखळतो.

पाटावरवंटा

पिळाचा पास्ता पाहताना एकच प्रश्न विचारावा: पीळ कशाला बसला आहे? पात्याला, नळीला की दोऱ्याला?

कारखान्यातल्या फुसिलीत कडेच्या पात्यांना मळसूत्री पीळ असतो. दक्षिणेतली हाताची फुसिली मात्र अगदी निराळी दिसते, कारण ती लोखंडी सळईभोवती कणीक गुंडाळून करतात आणि सळई काढून घेतली की लांबट, सैल गुंडाळी उरते. काव्हाताप्पीत पीळ नळीला असतो: आतून पोकळ, बाहेरून रेघा आणि सबंध नळीच बूच काढायच्या स्क्रूसारखी वळलेली. जेमेल्ली म्हणजे दोन दोरे एकमेकांत गुंफलेले वाटतात, पण तो ‘एस’ अक्षराच्या छेदाचा एकच दोरा असतो आणि पिळामुळे दुहेरी भासतो. सिसिलीच्या काझारेच्चेचा छेदही ‘एस’च असतो, फक्त पीळ फार सौम्य असतो.

त्रोफिए जेनोव्हाच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचे, रेक्को आणि कामोल्यी या भागातले. तळहाताखाली कणकेचा लहान तुकडा तिरका घासत वळतात, त्यामुळे दोन्ही टोके निमुळती होतात आणि मध्ये बारीक पीळ बसतो. स्त्रोत्साप्रेती त्याहून लांब असतात. ती पट्टी असते, दोन तळहातांमध्ये एकदा पीळ देऊन तोडलेली, त्यामुळे तिची कड उघडी राहते. टोके निमुळती आणि अंग भरीव असेल तर त्रोफिए, कड उघडी असेल तर स्त्रोत्साप्रेती.

कृष्णाकाठ

हाताने वळायच्या पास्त्याचा विषय निघाला आहे, तर दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातल्या ओरेक्किएत्तेविषयी लिहितो. बारी शहराच्या जुन्या भागात, आर्को बास्सोच्या गल्लीत, बायका दाराबाहेर लाकडी पाट मांडून ओरेक्किएत्ते करतात आणि तिथेच जाळीच्या चौकटींवर वाळत घालतात. रव्याच्या कणकेची बोटाएवढी जाड दोरी वळलेली असते. बोथट सुरीने तिचा टोकाचा तुकडा तोडायचा, सुरीचे पाते त्यावर टेकवून तो पाटावरून आपल्याकडे ओढायचा. ओढताना तुकडा पात्याभोवती कुरळा होतो. मग अंगठ्याच्या टोकावर तो उलटा करायचा, की आतली बाजू बाहेर येते. सुरीने ओरबाडलेली खरखरीत बाजू अशी पाठीवर जाते आणि आत खोलगट वाटी तयार होते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

हे पाहिले की काव्हातेल्ली आणि ओरेक्किएत्ते यांतला फरक कधीच विसरत नाही. ओढण्याची क्रिया साधारण तीच, पण काव्हातेल्लीत तुकडा उलटा करत नाहीत, तो कुरळाच राहतो. म्हणून काव्हातेल्ली मिटलेली, लांबट खोबण आणि ओरेक्किएत्ते उघडी वाटी. सार्डिनियाचे माल्लोरेद्दुस काव्हातेल्लीसारखेच दिसतात, पण ते खाचांच्या पाटीवर किंवा विणलेल्या टोपलीवर दाबून वळतात, त्यामुळे त्यांच्या पाठीवर रेघा असतात आणि कणकेत कधी कधी केशरही असते.

ओरेक्किएत्तेच्या वाटीत चीमे दी रापा या कडसर पालेभाजीची शिजलेली पाने आणि तुरे अडकून बसतात. हा जोड पुल्याने पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे आणि माझ्या मते इटलीतल्या सर्वांत समंजस जोडांपैकी तो एक आहे.

दवबिंदू

कृष्णाकाठ, हे वाचून माझी शंका बरीचशी निमाली. आमच्या घरी आजी लग्नकार्यासाठी गव्हले आणि नखुल्या वळत असे. गव्हले तर सूपमध्ये घालायच्या, तांदळाच्या दाण्यासारख्या रिझोनीच्या इतके जवळ आहेत, की दोन्ही ताटलीत ठेवले तर क्षणभर थबकावे. रवा किंवा पीठ भिजवून बोटांनी बारीक दाणा वळायचा आणि वाळवून ठेवायचा, ही रीत दोन्हीकडे स्वतंत्रपणे उमलली असावी.

सारण भरलेल्या प्रकारांत मात्र अजून अंधारच आहे. तोर्तेल्लीनी, तोर्तेल्लोनी, राव्हिओली, आन्योलोत्ती हे सगळे ओळखायचे कसे?

सांजवात

तिथेही घडीच पाहावी, दवबिंदू.

दोन पोळ्यांमध्ये सारण ठेवून चारही बाजूंनी बंद केलेली चपटी उशी म्हणजे राव्हिओली. पिएमोन्तेच्या आन्योलोत्ती देल प्लिनमध्ये पोळी एकच असते: सारणाचे ठिपके ओळीने ठेवून पोळी त्यांवर दुमडतात आणि दोन ठिपक्यांमध्ये चिमटा काढून मग कापतात, त्यामुळे प्रत्येकाला चिमट्याची घडी असते आणि आत बहुधा भाजलेल्या मांसाचे सारण असते. लिग्युरियाचे पान्सोत्ती फुगीर असतात, आत रानभाज्या आणि वर अक्रोडाचा सॉस.

तोर्तेल्लीनीसाठी लहान चौकोन घेतात, सारण ठेवून त्रिकोणी घडी घालतात आणि दोन टोके करंगळीभोवती आणून चिकटवतात. बोट काढले की मध्ये भोक राहते. हे भोकच तोर्तेल्लीनीची ओळख. सारणाची कृतीही बोलोन्याच्या व्यापार मंडळात ७ डिसेंबर १९७४ रोजी नोंदवली गेली: डुकराचे मांस, प्रोशुत्तो (डुकराची खारवून सुकवलेली मांडी), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचे जाड सॉसेज), पार्मिजानो चीज, अंडे आणि जायफळ. ते मांसाच्या पातळ रश्श्यातच शिजवून वाढतात. रोमान्याचे काप्पेल्लेत्ती टोपीसारखे, थोडे मोठे आणि बहुधा चीजच्या सारणाचे. तोर्तेल्लोनीची घडी तोर्तेल्लीनीचीच, पण आकार बराच मोठा, आत रिकोत्ता हे मऊ, ताजे चीज आणि वर लोणी व सेजची सुगंधी पाने. शाकाहारी मंडळींनी इटलीत हेच मागावे, पण चीजमधल्या रेनेटविषयी, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, बहुधा वासराच्या जठरातून काढलेल्या पदार्थाविषयी, विचारून घ्यावे.

सार्डिनियातल्या ओल्यास्त्रा भागातले कुलुर्जोनेस एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाहीत. बटाटा, पेकोरिनो आणि पुदिन्याचे सारण भरून त्यांच्या तोंडाला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून अशी मुरड घालत नेतात आणि मिटलेली कड गव्हाच्या लोंबीसारखी दिसते.

मुळामुठा

शेवटचे दोन प्रश्न. पाकिटावर जो क्रमांक असतो, त्याचा अर्थ काय? आणि आपल्याकडच्या वाकड्या मॅकरोनीला इटलीत काय म्हणतात?

रानजाई

क्रमांक त्या कंपनीच्या साच्याचा असतो. तो सर्वांना समान नाही. बारिल्लाची स्पगेटी ५ क्रमांकाची आणि दे चेक्कोची १२ क्रमांकाची, पण त्या एकमेकींना पर्याय म्हणून खुशाल वापराव्यात. क्रमांकांची तुलना एकाच कंपनीच्या पाकिटांत करावी. दोन कंपन्यांमध्ये शिजण्याची मिनिटे ताडून पाहावीत, त्यावरून जाडीचा अंदाज अधिक चांगला येतो.

वाकड्या मॅकरोनीला गोमिती किंवा किफेरी म्हणतात. नळीची दोन्ही तोंडे सारखी उघडी असतात. एक तोंड रुंद आणि दुसरे चेपलेले असेल तर ते पिपे रिगाते. लुमाके त्यांच्या इतके जवळ आहेत की कंपनीगणिक सीमा सरकते, तिथे पाकिटावरचे नाव मान्य करावे. आणि नळी नसून लांबीला चिरलेला शिंपला असेल, तर ते कोंकील्ये.